नऊ क्लिक डावीकडे

दि. ७ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग पडलाय. सगळ्या गावाने ठरवून एकदम दात काढून घेतले की काय, कोण जाणे. दिवसभर मेणात दात बसवायचे, वरचे वर, खालचे खाली, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणणार की हसताना नवरा ओळखत नाही. तुझ्या शिलाई मशीनच्या दुकानात बरं असेल. मशीन निदान उलट बोलत नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून एक गोष्ट महिनाभर पोटात ठेवलीये. बाबांनी अखेर त्यांची रायफल मला चालवायला दिली. हो, तीच. क्लबच्या लोखंडी कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते, पण रविवारी सकाळी रायफल माझ्या खांद्याला असते. बारा मार्चला तीन अंतरांची स्पर्धा आहे. शंभर, दोनशे आणि तीनशे मीटर, प्रत्येकी दहा गोळ्या. दुर्बीण लावायची नाही. पुढे नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा काटा, मागे बारीक भोकाची चकती, आणि तिच्यामागे आपला डोळा. मला त्यात उतरायचंय. पण फेब्रुवारी संपायच्या आत नावापुढे शिकवणाऱ्याची सही लागते, आणि शिकवणारे म्हणजे बाबा. ते सही द्यायला तयार नाहीत.

कारण ऐक. शंभर मीटरवर माझ्या पाच गोळ्यांची भोकं चहाच्या कपाखाली झाकली जातात, इतकी जवळजवळ पडतात. फक्त तो कप मध्यापासून नऊ सेंटिमीटर डावीकडे असतो. दोनशेवर अठरा. तीनशेवर सत्तावीस. प्रत्येक रविवारी तेच. बाबा मागे बसून दुर्बिणीतून बघतात आणि म्हणतात की मी चाप झटक्याने ओढते. मी म्हटलं, चकती जरा उजवीकडे सरकवून बघू या. त्यावर ते असे बघायला लागले, जणू मी त्यांचा दातच उपटायला निघाले होते. म्हणाले, या चकतीवर त्यांनी अकरा वेळा ढाल जिंकली आहे, अडतीस वर्षांपूर्वी क्लबच्या वर्कशॉपमध्ये कामाला असताना तू स्वतः ती बसवलीस, तिच्या बाजूच्या स्क्रूवर तूच लाल रंगाचा ठिपका दिलास, आणि त्या ठिपक्याला कोणी बोट लावायचं नाही.

मग आता ठिपका देणारीलाच विचारते. चकती बरोबर आहे का गं?

प्रेम आहे तसंच राहू दे, आणि उत्तर लवकर दे.
तुझी,
टिचकी


दि. १७ जानेवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा.

नऊ, अठरा, सत्तावीस असं लिहून पाठवलंस. पत्र लिहितेस की पाढे म्हणतेस? पण आकडे मोजून ठेवतेस हे आवडलं. तुझ्या बापाने आयुष्यात एक आकडा मोजला, तो म्हणजे ढालींचा.

तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. नजर सरळ जाते, गोळी सरळ जात नाही. ती जरा वर चढते आणि मग खाली पडायला लागते. म्हणून शंभरवर जी चकती बरोबर, ती दोनशेवर जरा वर घ्यावी लागते आणि तीनशेवर आणखी बरीच वर. किती, ते प्रत्येकाने स्वतः झाडून ठरवायचं. गाल दस्त्यावर कोणी कुठे टेकतो, भोकातून माशी कोणाला कशी दिसते, यावर ते अवलंबून असतं. दादाचे आकडे दादाच्या गालाचे. तू त्याच्या वहीतले आकडे घेऊन झाडत असशील तर ते दुसऱ्याचा चष्मा घालून सुई ओवण्यासारखं झालं.

आता डाव्या-उजव्याचं. आधी दोष तुझा की रायफलीचा, ते पक्कं कर. नळीखाली वाळूची पिशवी ठेव, दस्त्याखाली दुसरी ठेव, आणि पाच गोळ्या झाड. मग ज्याचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे अशा दुसऱ्या कोणाला तरी पाच झाडायला दे. भोकं मोज. ठिपक्याला इतक्यात हात लावू नकोस. का, ते विचारू नकोस.

इकडे सगळं ठीक. काल एका बाईने मशीन आणलं, शिवण तिरकी जाते म्हणाली. मशीन उत्तम होतं. बाई तिरकी बसत होती. सांगितलं, तर रागावून मशीन घेऊन गेली.

लोभ आहेच, तो पत्रापत्राने मोजू नये.
आत्या


दि. ३१ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

केलं. वाळूच्या पिशव्यांवर ठेवून पाच गोळ्या झाडल्या. नऊ सेंटिमीटर डावीकडे. मग बेकरीवाल्यांना विनंती केली. ते गेली दोन वर्षं ढाल नेतायत आणि पहाटेपासून पीठ मळूनही त्यांचा हात हलत नाही. त्यांनी पाच झाडल्या. त्यांच्याही डावीकडेच, साडेआठवर. बेकरीवाल्यांनी रायफल हलकेच खाली ठेवली आणि ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. भला माणूस, त्याला क्षणभर आपलाच हात बिघडला असं वाटलं.

मी दोन्ही कागद बाबांसमोर धरले. त्यांनी चष्मा पुसला, कागद बघितले, आणि म्हणाले की बेकरीवालेही हल्ली चाप ओढायला लागलेत. आत्या, मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी कागद तिथेच टेबलावर आपटले. त्याचा परिणाम असा झाला की बाबा उठून सेक्रेटरींच्या खोलीत गेले आणि माझ्या नावापुढे शेरा लिहून आले, चाप सुधारल्याशिवाय पाठवू नये. सगळ्यांच्या देखत. मी बत्तीस वर्षांची आहे. लोकांच्या तोंडात बसेल असा दात मी केसाच्या जाडीइतका घासून देते, आणि माझ्या बोटाला सुधारायला हवं म्हणे.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या पत्रात वाळूच्या पिशव्यांवर एवढं लिहिलंस आणि ठिपक्यावर दोन वाक्यं. का विचारू नकोस, असं तू मला लहानपणीसुद्धा कधी म्हणाली नाहीस. तेव्हा विचारते. त्या वर्कशॉपमध्ये तू काय केलंस? गोड लिहू नकोस, सरळ लिही.

रागात आहे, पण तुझ्यावर कमी.
टिचकी


दि. ६ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
आशीर्वाद.

सरळ विचारलंस, सरळ सांगते.

मी चोवीस वर्षांची होते. वर्कशॉपमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणारी एकटी मुलगी. रायफली साफ करायच्या, चकत्या बसवायच्या, आणि रविवारी निशाण्यांच्या कागदांवरची भोकं चिकटवायची. कागद चिकटवणाऱ्याला सगळं कळतं. कोण दारू पिऊन आलाय, कोणाचं घरात भांडण झालंय, तेसुद्धा. दादाच्या गोळ्या दर वेळी एकाच जागी पडायच्या, आणि ती जागा मध्यापासून नऊ सेंटिमीटर उजवीकडे होती. तो बोटाच्या पेराने चाप दाबत नसे, सगळं बोट आत घालून खेचत असे. पण रोज तितकंच, अगदी मापाने. माणसाची चूकही इतकी शिस्तीची असू शकते हे मी त्याच्यात पाहिलं.

मी त्याला एकदा सांगितलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला की स्क्रू पिळणाऱ्या पोरींनी नेमबाजांना शिकवू नये. चार दिवसांवर त्याची पहिली मोठी स्पर्धा होती. मी त्याची रायफल घेतली आणि चकती नऊ क्लिक डावीकडे सरकवली. मागची चकती जिकडे सरकवावी तिकडे गोळी जाते. त्याचं बोट उजवीकडे खेचणार, माझी चकती डावीकडे नेणार, आणि गोळी पडणार मध्ये. मग कोणी ते उलटं फिरवू नये म्हणून स्क्रूवर लाल रंग दिला. त्याला सांगितलं, आता चकती अगदी बरोबर बसली आहे, हात लावू नकोस. तो ढाल घेऊन आला आणि मला म्हणाला की बघ, माझा हात बरोबरच होता.

तेव्हा मला गंमत वाटली होती. नंतर सांगायची सोय राहिली नाही. आता तू साफ झाडतेस म्हणून डावीकडे जातेस, आणि त्याबद्दल ऐकून घेतेस. हे मात्र मला सहन होत नाही.

तेव्हा खरवड तो ठिपका. मी दिला होता, मीच सांगते. शंभरवर आधी डावं-उजवं नीट कर. एका क्लिकला, म्हणजे स्क्रूच्या एका खटक्याला, शंभर मीटरवर गोळी एक सेंटिमीटर सरकते, दोनशेवर दोन, तीनशेवर तीन. तुझा पाढा त्यामुळेच जुळला. मग चकती वर-खाली करणारी उंचीची चकरी प्रत्येक अंतराला स्वतः झाडून ठरव आणि वहीत लिही. एक लक्षात ठेव, जुन्या चकरीत जरा ढिलाई असते. आकड्यावर यायचं ते नेहमी खालून वर चढत. वरून खाली आलीस तर आकडा तोच दिसेल आणि गोळी भलतीकडे जाईल.

दादाला कधी सांगायचं ते मला ठरवू दे.

तुझ्यावर जीव आहे, त्याच्यावरही आहे, म्हणून हा घोळ.
आत्या


दि. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चोरून करायचं नाही असं मी ठरवलं होतं. रविवारी क्लबच्या वर्कशॉपमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर, बाबा समोर स्टुलावर बसलेले असताना मी दात कोरायचं बारीक पातं बाहेर काढलं आणि त्यांना सांगितलं की मी आता हा रंग काढणार आहे. ते म्हणाले, स्क्रू फिरला तर त्या रायफलीला पुन्हा हात लावायचा नाही. मी म्हटलं, चालेल, पण आज लावणार. रंग खपल्यांसारखा निघाला. नऊ क्लिक उजवीकडे. प्रत्येक क्लिक त्या खोलीत ऐकू आला. बाबा उठले आणि बाहेर गेले. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेले, ती विसरून की मुद्दाम, ते मला ठाऊक नाही.

मग शंभर मीटर. पाच गोळ्या. कप बरोबर मध्यावर बसला. मी ओरडले नाही, पण बेकरीवाले ओरडले.

दोनशेवर गोळ्या खाली पडल्या. चढवत चढवत सात क्लिकवर जमलं. तीनशेवर मात्र माझी शोभा झाली. आधी घाईत चकरी उलटी फिरवली. माझ्या पाचही गोळ्या कागदाच्या खाली मातीत घुसल्या, आणि निशाण्याजवळचा माणूस झेंडी हलवून विचारत होता की आज गांडुळं मारायची आहेत का. मग नीट वर घेतली, तर जास्त चढली. खाली उतरवून सतरावर आणली, तर गोळी अठराच्या जागी. तेव्हा तुझं ढिलाईचं आठवलं. पार खाली नेली, पुन्हा चढत सतरावर आले, आणि दहातल्या आठ गोळ्या काळ्या वर्तुळात. वहीत लिहिलंय, शंभर शून्य, दोनशे सात, तीनशे सतरा, सगळे चढत. वहीच्या वर माझं नाव लिहिलं, बाबांचं नाही.

तुझं गुपित मी त्यांना सांगितलेलं नाही. ते घरात माझ्याशी बोलत नाहीत, मीठ हवं असेल तर भिंतीला सांगतात. सही नाही. चौदा दिवस उरले. मी ते सांगितलं तर त्यांना वाटेल की मी जिंकायला काहीतरी काढलं. सांगायचं काम तुझं आहे, आत्या. तुला अडतीस वर्षं मिळाली, मला चौदा दिवस आहेत.

लोभ मागत नाही या वेळी, पत्र मागते. माझ्याकडे नको, बाबांकडे लिही.
टिचकी


दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बस आणि मग वाच.

तुझी चकती बरोबर नव्हती. मी ती मुद्दाम नऊ क्लिक डावीकडे लावली होती, कारण तू चाप खेचतोस आणि तुझ्या गोळ्या उजवीकडे जातात. तुला सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, म्हणून तुझी चूक मी रायफलीत भरली आणि वर रंग लावला. अकरा ढाली तुझ्याच. त्यासाठी लागणारी शिस्त, छाती आणि उन्हातले रविवार सगळे तुझे. पण नऊ क्लिक माझे.

माफी मागायला हे लिहीत नाही. तेव्हा तू ऐकलं असतंस तर मला हे करावं लागलं नसतं. आज लिहिते ते टिचकीसाठी. पोरगी साफ झाडते, तुझ्यापेक्षा साफ. आणि तू तिच्या नावापुढे जे लिहिलंस ते खरं तर तुझ्या नावापुढे हवं. वाळूच्या पिशव्यांवर नळी ठेवून आता तू स्वतः झाड, मग त्या हातानेच तो शेरा खोड. फेब्रुवारी संपायच्या आत.

रागावशील हे माहीत आहे. आता मला चालेल.
धाकटी


दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद देतो, कारण तो देण्याची सवय आहे.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागावलो. तिसऱ्या दिवशी क्लबवर गेलो. पिशव्यांवर ठेवून पाच झाडल्या, बोट आत न घालता, नुसतं पेराने दाबत. मध्ये. मग नेहमीसारख्या, स्वतःच्या पद्धतीने पन्नास झाडल्या. पन्नासच्या पन्नास उजवीकडे. सेक्रेटरी सोबत होते. त्यांनी भोकं मोजून दिली.

तू मला फसवलंस म्हणून मी रागावलो असं तुला वाटेल. ते मी आठवड्यात विसरेन. न विसरण्यासारखं दुसरं आहे. त्या रायफलीवर मी अडतीस वर्षं माणसं शिकवली. साफ झाडणारी जी जी आली, तिला मी डावीकडची भोकं दाखवून सांगितलं की तुझा हात वाईट आहे. सात-आठ जणी, काही पोरं. एक शाळामास्तरीण होती, तिचा हात दगडासारखा स्थिर होता. मी तिला दोन वर्षं चाप शिकवला. ती शेवटी म्हणाली की आपल्याला हे जमणार नाही, आणि आली नाही. तू वर्कशॉप सोडून गेलीस, तुला यातलं दिसलं नाही. मला दिसत होतं आणि कळत नव्हतं. माझा मान राखलास, त्याची किंमत त्या लोकांनी मोजली. हे तुलाही माहीत असायला हवं, म्हणून लिहिलं.

शेरा खोडला. त्याखाली लिहिलं की हा शेरा चुकीचा होता, चूक लिहिणाऱ्याच्या बोटाची. सही केली. शाळामास्तरणीचा पत्ता शोधतोय.

तुझा,
दादा


दि. १३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल स्पर्धा झाली. पाचवी आले. बेकरीवाले पुन्हा पहिले. शंभर आणि दोनशेला मी तिसरी होते. तीनशेला वारा डावीकडून होता, मी दोन क्लिक त्यासाठी दिले आणि आठ गोळ्या छान गेल्या. मग वारा पडला, माझं झेंडीकडे लक्ष नव्हतं, आणि शेवटच्या दोन्ही डावीकडे. पण ती चूक माझी होती, पूर्ण माझी, आणि खरं सांगू का, ती माझी आहे याचाच मला केवढा आनंद झाला. रडूही आलं थोडं. पुढच्या वर्षी झेंडी बघेन.

बाबांनी तुला काय लिहिलं ते मला सांगितलं, तेव्हा तुझ्या मनात शाळामास्तरीण बसली असणार. बाबांना पत्ता सापडला आहे. त्या अजून आहेत, नातवंडं सांभाळतात. बाबांनी लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं नाही, पण तीन पानं होती. तू आणखी एक लिही. मी म्हणते म्हणून नाही, तुला लिहावंसं वाटत असेल म्हणून.

आता खरी बातमी. स्पर्धा संपल्यावर सगळे निघाले, बाबा मात्र माझ्या जागेवर पोटावर झोपले. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना. रायफल मागितली. तीन झाडल्या, तिन्ही उजवीकडे. मी मागे दुर्बीण धरून बसले होते आणि प्रत्येक वेळी सांगत होते की बोट आत गेलं. चौथीनंतर त्यांनी मान न वळवता, अगदी हळू आवाजात, सहज मागितल्यासारखं मागितलं की चकती नऊ क्लिक डावीकडे करून दे, म्हातारपणी आता काय बोट बदलणार, वाटल्यास नंतर परत फिरव.

आत्या, मला इतकी दया आली. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खिशातच होता. त्या क्षणी मला कळलं की तू चोवीस वर्षांची असताना तो का फिरवला असशील.

मी नाही म्हटलं.

ते रागावले. म्हणाले, बापाला नाही म्हणतेस. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि सांगितलं की पेराने दाबा, खेचू नका, माझ्याकडे काडतुसं भरपूर आहेत आणि मला घाई नाही. पाचवी उजवीकडे. सहावी उजवीकडे, पण कमी. मैदान रिकामं झालं होतं, निशाण्याजवळचा माणूस घरी जायच्या घाईत होता, तरी त्याला मी थांबवलं. अकरावी गोळी मध्ये लागली, आत्या. ना पिशव्यांची मदत, ना क्लिकची, बाबांच्या एकट्याच्या बोटाने, पहिल्यांदा.

त्यांनी ते मानलं नाही. योगायोग म्हणाले, आणि पुढचं काडतूस भरलं.

लोभ आहे, तो असाच न वाकता राहो.
तुझी,
टिचकी